गरीब दगडांची कचेरी

कचेरी पाहण्यासाठी म्हणून कोणी प्रवासाला निघत नाही. देऊळ पाहावे, किल्ला पाहावा, फार तर धबधबा पाहावा. कचेरी ही पाहण्याची नव्हे, शक्य तोवर चुकवण्याची वस्तू. त्यातून ज्याचा सारा जन्म कारकुनीत गेला, त्याने सातासमुद्रापलीकडे जाऊन पुन्हा कचेरीच पाहत उभे राहावे, हे आमच्या सौभाग्यवतींना मुळीच पटले नाही. पुतण्याही म्हणाला, “काका, लोक इथे पानांचे रंग पाहायला येतात. तुम्ही ऑफिस काय पाहता?”

पानांचे रंग मी पाहिले. मेपलची झाडे लाल-केशरी झाली होती आणि ती सुंदर होती, याबद्दल दुमत नाही. पण झाडे काही सांगत नव्हती. ती कचेरी मात्र सांगत होती.

पुतण्या हॉटनच्या मिशिगन टेक विद्यापीठात शिकतो. मिशिगन राज्याचा अगदी वरचा तुकडा सुपीरिअर सरोवरात घुसलेला आहे, आणि त्या तुकड्यालाही वर एक वाकडे बोट फुटले आहे. ते क्यूविनॉ द्वीपकल्प. तेथे इतका बर्फ पडतो की 1978–79 च्या हिवाळ्यात 390.4 इंच भरला. म्हणजे साडेबत्तीस फूट! त्याची उंची दाखवणारा एक खांबच रस्त्याच्या कडेला उभा केला आहे. हॉटनचा पूल ओलांडून उत्तरेला अर्ध्या तासाच्या आत कॅल्युमेट नावाचे गाव लागते. गाव लहान, रस्ते रुंद आणि इमारती मात्र गावाला न शोभणाऱ्या, भारदस्त. थोरल्या भावाचा कोट धाकट्याने घालावा, तसे ते गाव दिसते. त्या गावात कॅल्युमेट अँड हेक्ला या तांब्याच्या खाण-कंपनीची मुख्य कचेरी आहे. 1887 साली बांधलेली.

पहिल्याने लक्ष जाते ते भिंतींकडे. दगडाची इमारत म्हटली की आपल्याला मुंबईच्या फोर्टातले घडीव, एकसारखे चिरे आठवतात. येथे एक दगड दुसऱ्याच्या मापाचा नाही. तांबूस, करडे, काळपट, तपकिरी, जसा हाताला आला तसा बसवलेला. एवढी मोडतोड गर्दी आवरायला कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या कडांना विटांची नीट किनार. गोधडीला काठ शिवावा तशी. लांबून पाहिले तर इमारत गंभीर दिसते. जवळ गेले की ठिगळे मोजता येतात.

हा दगड विकत आणलेला नाही. तो खाणीतूनच निघाला. तांबे काढताना जो दगड वाटेत येतो, ज्यात तांबे नाही किंवा असून नसल्यासारखे आहे, त्याला त्या मुलखात ‘पुअर रॉक’ म्हणतात. गरीब दगड. आपल्याकडे माणसाला दगड म्हणतात. तेथे दगडालाच गरीब म्हटले आहे. गरीब दगडाचे ढीग खाणीच्या तोंडाशी साचत, आणि त्यांतून ही कचेरी उभी राहिली.

यात काही नवल नाही असे कोणी म्हणेल. फुकटचा दगड समोर पडला असता विकत कोण घेईल? पण कंपनी गरीब नव्हती. सबंध मुलूख तिच्या पैशावर उभा होता. 1868 पासून 1886 पर्यंत अमेरिकेत सर्वांत जास्त तांबे हीच खाण काढत होती, आणि त्यांतली काही वर्षे तर जगात. त्याच गावात थिएटर आणि दुकाने बांधताना लोकांनी जवळपासचा सुरेख तांबडा वालुकाश्म वापरला आहे. कंपनीने नकाशे काढायला बोस्टनहून शॉ आणि हनीवेल या वास्तुविशारदांना लावले. म्हणजे आराखडा बोस्टनचा आणि दगड उकिरड्यावरचा. हा जोड मला फार बोलका वाटला. जिथे दिसायचे तिथे खर्च, जिथे वाचवता येईल तिथे वाचवायचे. ज्याने चाळीस वर्षे खतावण्या लिहिल्या, त्याला अशा इमारतीचा स्वभाव ओळखू येतो.

तांब्याचीही थोडी हकीगत सांगितली पाहिजे. जगात बहुतेक ठिकाणी तांबे दुसऱ्या द्रव्यांशी संयोग पावून बसलेले असते. ते भट्टीत घालून सोडवावे लागते. क्यूविनॉत ते सुटे, शुद्ध, धातूच्याच रूपात सापडते. युरोपातले लोक येण्यापूर्वी हजारो वर्षे तेथले मूळ रहिवासी ते खड्डे खणून काढत आणि ठोकून हत्यारे करीत. कॅल्युमेटचा थर तर अजब आहे. शेंगदाण्याच्या चिक्कीत दाणे असावेत तसे लालसर गोटे, आणि गुळाच्या जागी तांबे! एडविन हल्बर्ट नावाच्या माणसाने 1864 साली हा थर शोधला. त्याला पैसा पुरवला बोस्टनच्या क्विन्सी शॉ याने. पण चिक्की शोधणे निराळे आणि दाण्यापासून गूळ सोडवणे निराळे. हल्बर्टला ते जमेना. तेव्हा 1867 साली शॉने आपल्या मेव्हण्याला तिकडे धाडले. मेव्हण्याचे नाव अलेक्झांडर अ‍ॅगसी. विख्यात शास्त्रज्ञ लुई अ‍ॅगसी यांचा हा मुलगा, आणि त्याचा स्वतःचा अभ्यास कशाचा, तर समुद्रातल्या काटेरी प्राण्यांचा. त्याने खाण मार्गी लावली. हल्बर्ट बाजूला पडला. 1871 मध्ये कंपन्या एक झाल्या आणि अ‍ॅगसी लौकरच अध्यक्ष झाला. तो 1910 मध्ये मरेपर्यंत अध्यक्ष होता, आणि मेला तोही इंग्लंडहून परतताना, जहाजावर.

आता पाहा, ही ‘मुख्य कचेरी’ म्हणून दिमाखाने उभी असली तरी खरी मुख्य कचेरी ही नव्हेच. अध्यक्ष राहत असे बोस्टनच्या बाजूला. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, तो कॅल्युमेटला येऊन पाहणी करी. नफा बोस्टनला जाई. त्या नफ्यातून अ‍ॅगसीने हार्वर्डचे प्राणिसंग्रहालय मोठे केले. क्विन्सी शॉने मिले या फ्रेंच चित्रकाराची चित्रे जमवली. मिले म्हणजे राबणाऱ्या शेतकऱ्यांची चित्रे काढणारा. त्याचा तो प्रसिद्ध ‘पेरणारा’ शॉकडूनच बोस्टनच्या संग्रहालयात आला. शॉची पत्नी पॉलीन, म्हणजे अ‍ॅगसीची बहीण, हिने बोस्टनमध्ये गरिबांच्या मुलांसाठी बालवाड्या काढल्या. ही माणसे दुष्ट होती असे मला म्हणता येत नाही. सुसंस्कृत होती, दानशूर होती. त्यांना राबणारा माणूस चित्रात मनापासून आवडत होता.

खाणीतला माणूस मात्र खाली होता. रेड जॅकेट नावाचा त्यांचा शाफ्ट 1896 पर्यंत सरळ उभा 4,900 फूट खोल गेला. कळसूबाई उलटी करून जमिनीत खुपसली तर जवळजवळ तेवढे. कॉर्नवॉलचे, फिनलंडचे, क्रोएशिया-स्लोव्हेनियाचे, इटलीचे लोक तेथे उतरत. कॉर्निश माणसांनी आपले खाणे बरोबर आणले होते. त्याला पास्टी म्हणतात. अर्धचंद्राकार, कडेला मुरड घातलेली, आत मांस, बटाटा आणि सलगम. ती पाहताच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अगबाई, ही तर करंजी!” आणि मांसाचे नाव ऐकताच तिने ती पुतण्याच्या ताटात सरकवली. पुढे फिनिश लोकांनीही ती उचलली, आणि आज त्या गावात ती दुकानादुकानात मिळते. पण मुरड मात्र आमच्या घरच्यासारखी बारीक नाही, हे सौभाग्यवतींच्या वतीने येथे नमूद करतो.

कंपनीने या माणसांसाठी काय केले नाही? घरे बांधली, इस्पितळ काढले, शाळेला इमारत दिली, देवळांना जागा दिली. कचेरीच्या समोर रस्त्यापलीकडे 1898 साली वाचनालय बांधले. तेही त्याच गरीब दगडांचे, त्याच वास्तुविशारदांचे. त्यात अनेक भाषांतली पुस्तके होती आणि तळघरात स्नानाची सोय! दिवसभर खाली राबलेल्या माणसाने आंघोळ करावी आणि वर येऊन पुस्तक वाचावे, ही कल्पना मला मनापासून आवडली. आता वाचनालयापाशी अ‍ॅगसीचा ब्राँझचा पुतळा खुर्चीत बसला आहे. पण जागेवर उभे राहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. कचेरी गावाबाहेर टेकडीवर नाही. ती यंत्रशाळा, गोदामे आणि शाफ्ट यांच्या मधोमध आहे. वाचनालय समोर, घरे हाकेच्या अंतरावर. कामाला जाताना कचेरी, पुस्तक आणताना कचेरी. घर कंपनीचे, किंवा घर स्वतःचे असले तरी खालची जमीन कंपनीची. काम गेले की घराचाही प्रश्न. मायेचा हात आणि मानेवरचा हात यांत किती बोटांचे अंतर असते, ते त्या चौकात मोजून पाहावे.

1901 पासून या कचेरीत जेम्स मॅकनॉटन हा जनरल मॅनेजर बसू लागला. तो परका नव्हता. लहानपणापासून त्याच मुलखात वाढला होता आणि पोरवयात कामगारांना पाणी पाजण्याचे काम त्याने केले होते. अशी माणसे वर चढली की खालच्यांची दुःखे जाणतात, असा आपला समज असतो. काही जाणतात. काहींना वाटते, मी चढलो, तुम्हाला काय झाले?

त्या वर्षांत या तांब्याच्या पट्ट्यातील खाणींत मिळून सरासरी आठवड्याला एक माणूस मरत होता. त्यातच एकट्याने चालवायचे नवे ड्रिल आले. आधी दोघांनी मिळून चालवण्याचे यंत्र होते. दुसरा माणूस निदान हाक ऐकायला तरी असे. लोकांनी नव्या यंत्राचे नाव ‘विधवा करणारे’ असे ठेवले. 23 जुलै 1913 रोजी संप सुरू झाला. आठ तासांचा दिवस, बरी मजुरी, ते ड्रिल बंद, आणि संघटनेशी बोलणी, अशा मागण्या होत्या. मॅकनॉटन बोलायलाच तयार नव्हता. राज्याचे सैनिक आले. अ‍ॅना क्लेमेंत्स नावाची स्लोव्हेनियन वंशाची उंचीपुरी तरुणी हातात भला मोठा अमेरिकेचा झेंडा घेऊन रोज सकाळी मोर्चाच्या पुढे चालत असे.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. माझी नोकरीची पहिली दहा-बारा वर्षे गिरणगावात एका गिरणीच्या कचेरीत गेली. जानेवारी 1982 चा संप सुरू झाला तेव्हा मी आत होतो. कचेरीच्या खिडकीतून फाटक दिसे. ज्यांची नावे मी दर महिन्याला मस्टरवर लिहीत होतो ते सारे फाटकाबाहेर बसलेले, आणि आत आम्ही सातआठ कारकून, समोर कोरे मस्टर. बाहेरचे आम्हांला मालकाचे समजत आणि मालक आम्हांला कशातच धरत नसत. त्या गिरणीच्या जागी आज काचेचा टॉवर आहे. आमच्या कचेरीची एक वीटसुद्धा शिल्लक नाही. म्हणून कॅल्युमेटला त्या खिडक्यांकडे पाहताना मॅनेजर कोणत्या खोलीत बसत असेल यापेक्षा कारकून कोणत्या खोलीत बसत असतील आणि त्यांना रस्त्यावरचा तो झेंडा दिसत असेल का, हाच विचार माझ्या मनात येत राहिला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी, 24 डिसेंबर 1913 ला, संपकऱ्यांच्या मुलांसाठी स्त्रियांनी इटालियन हॉलमध्ये समारंभ ठेवला होता. हॉल वरच्या मजल्यावर. मुलांना खाऊ आणि भेटी वाटणे चालले होते. कोणीतरी ‘आग!’ म्हणून ओरडले. आग नव्हती. पण सारे जिन्याकडे धावले, आणि जिन्यात एकावर एक पडून 73 जण गुदमरून मेले. त्यांत बहुतेक लहान मुले होती. कोण ओरडले हे कधीच सिद्ध झाले नाही. खालची दारे आत उघडत होती की बाहेर, यावरही लोक अजून वाद घालतात. मला वाटते, ज्या गोष्टीचा जाब कोणाला विचारता येत नाही तिच्यात माणसे दारांच्या बिजागऱ्यांवर भांडत राहतात.

संप एप्रिल 1914 मध्ये मिटला. खरे म्हणजे मोडला. दिवस आठ तासांचा झाला होता, पण ड्रिल राहिले आणि संघटना गेली. परत कामावर यायचे तर संघटनेचे कार्ड देऊन टाकावे लागे. कार्डाला कार्ड. कारण कचेरीचीही कार्डे होतीच. त्यांच्याकडे मी येतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. तांबे दुसरीकडे स्वस्तात निघू लागले. गावाचे मूळ नाव रेड जॅकेट. ते 1929 मध्ये कॅल्युमेट झाले आणि तोवर माणसे गाव सोडू लागली होती. 1968 मध्ये कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीकडे गेली, त्याच वर्षी पुन्हा संप झाला आणि मालकांनी खाणच बंद करून टाकली. पुढे पाणी उपसणारे पंपही थांबले. आज त्या हजारो फूट खोल बोगद्यांत पाणी भरले आहे. जवळच्या टॉर्च लेक सरोवरात दळलेल्या दगडाची सुमारे वीस कोटी टन रेती पडून आहे. सरोवराचा पाचवा हिस्सा तिने व्यापला. इटालियन हॉल 1984 मध्ये पाडला. त्याच्या दाराची कमान तेवढी ठेवली आहे. मोकळ्या हिरवळीवर नुसते दार. जवळच दगडावर नावे कोरली आहेत. सौभाग्यवती ती सारी वाचत होत्या. एकाच आडनावाची तीन-चार नावे पाठोपाठ आली की थांबत होत्या, बोटाने जुळवत होत्या आणि पुढे जात होत्या. तेथून निघायची घाई त्या दिवशी तिनेच केली नाही.

आणि कचेरी? ती मात्र शाबूत आहे. 1992 मध्ये सरकारने येथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केले आणि आता त्या उद्यानाचा कारभार या कचेरीतून चालतो. कचेरीची पुन्हा कचेरीच झाली! ज्या भिंतींआड संप मोडण्याचे हुकूम लिहिले गेले, त्यांच्याआड आज पगारी माणसे बसून संपाचा इतिहास नीट जतन करतात, पाट्या लिहितात, हॉलच्या कमानीची डागडुजी कशी करावी याचे कागद रंगवतात. आम्ही गेलो तेव्हा पाच वाजत आले होते. एक बाई डबा हातात घेऊन बाहेर आल्या, दार ओढून घेतले, आणि आम्ही भिंतीकडे टक लावून पाहतो आहोत असे दिसताच हसून म्हणाल्या, “हात लावलात तरी चालेल.” मी लावला. उन्हाने कोमट झाला होता. एका गोट्याच्या कडेला हिरवट डाग होता. गरीब दगडातही थोडे तांबे राहून गेलेले असावे.

राहिली कार्डे. कंपनीचे दप्तर आता हॉटनला विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. कामाला लागणाऱ्या माणसाचे कंपनी कार्ड करीत असे. नाव, वय, देश, लग्न झाले आहे का, आधी कोठे होता. मॅनेजरने माणसे पारखायला ठेवलेली ती यादी. दुसऱ्या दिवशी पुतण्या मला तेथे घेऊन गेला. शेजारच्या टेबलावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. फिनलंडहून आलेल्या आजोबांना शोधत होत्या. त्यांनी दिलेले स्पेलिंग यादीत सापडेना. तेथली मुलगी धीराची होती. तिने विचारले, नाव मोठ्याने उच्चारून दाखवता का? बाईंनी उच्चारले. मुलीने कागदावर चार निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिले, कारण फिनिश नाव कानाने ऐकून इंग्रजीत लिहिणाऱ्या कारकुनाने त्यांतले कोणतेही लिहिलेले असू शकते.

मला ते चटकन कळले. रत्नागिरीकडचा, साताऱ्याकडचा माणूस मस्टरपाशी उभा राहून नाव सांगे. आपल्याला जसे ऐकू येईल तसे आपण लिहायचे, आणि पुढे पगाराला, फंडाला, मेल्यावर बायकोला तेच नाव लागू.

तिसऱ्या तऱ्हेला कार्ड सापडले. मुलीने ते बाईंच्या समोर ठेवले. बाईंनी चष्मा पुसला, वाचले, आणि मग आजोबांच्या वयाच्या रकान्यावर बोट ठेवून त्या शेजारच्या माझ्याकडे वळल्या. “एकोणीस,” त्या म्हणाल्या. “आम्हांला नेहमी सांगत, मी आलो तेव्हा पंचवीसचा होतो म्हणून.”